दहा जण झाले की फोडू

‘लोकच येत नाहीत हो.’

परवा हे वाक्य पुन्हा कानावर आलं. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी फ्लूच्या लशीचं शिबिर घ्यावं का, यावर बोलणं चाललं होतं. एक गृहस्थ म्हणाले, ‘कशाला उगाच? कोविडच्या बूस्टरला पाहिलं ना आपण! आपल्या लोकांना लशीची किंमतच नाही.’ बाकीच्यांनी माना हलवल्या, विषय संपला, शिबिर बारगळलं. त्या बूस्टरनं अजूनही लशींची वाट अडवून धरलीय. म्हणून आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

मला ते वाक्य मान्य नाही. २०२२ सालातही मान्य नव्हतं. तेव्हा ते रुग्णालयाच्या खिडकीवर ऐकलं, टीव्हीवरच्या चर्चेत ऐकलं, सुशिक्षित घरांत चहाच्या कपाबरोबर ऐकलं. ज्यांच्याबद्दल ते बोललं जात होतं, ती माणसं मी आदल्याच वर्षी पाहिली होती. मे २०२१ मध्ये हीच माणसं पहाटे पाचला टोकनसाठी पालिकेच्या शाळेबाहेर उभी होती. अठरा ते चव्वेचाळीस वयाची मुलं-मुली संध्याकाळी मोबाईलवर बोट ठेवून बसायची, आणि स्लॉट उघडले म्हणेपर्यंत संपायचे. मुंबईत दादरच्या कोहिनूर वाहनतळात गाडीत बसल्या बसल्या लस देणारं केंद्र सुरू झालं, तर बाहेर गाड्यांची रांग लागली. डोंबिवलीची मुलं स्लॉट मिळाला म्हणून मुरबाड-शहापूरच्या गावांत जाऊन दंड पुढे करून आली. एवढी धडपड करणारी माणसं वर्षभरात बेपर्वा झाली, असं म्हणणाऱ्यानं आधी तिसऱ्या डोसच्या वाटेत काय काय आडवं टाकलं होतं, ते बघावं.

पहिलं आडवं आलं ते कॅलेंडर.

२५ डिसेंबर २०२१च्या रात्री पंतप्रधानांनी जाहीर केलं की १० जानेवारीपासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीपुढचे सहव्याधी असलेले यांना तिसरा डोस मिळेल. ओमायक्रॉन दारात होता. घोषणा ऐकून बरं वाटलं. मग अट कळली: दुसऱ्या डोसला नऊ महिने, म्हणजे एकोणचाळीस आठवडे, पूर्ण झालेले हवेत.

मी वही घेऊन बसले. १० जानेवारी २०२२ला डोस हवा तर दुसरा डोस १२ एप्रिल २०२१च्या आत झालेला हवा. साठीपुढच्यांचं लसीकरणच सुरू झालं १ मार्च २०२१ला. म्हणजे पहिल्या काही दिवसांत पहिला डोस मिळवून चार-सहा आठवड्यांत दुसराही घेऊन मोकळे झालेले जे थोडे वृद्ध, तेवढेच पात्र. त्यातही मेमध्ये सरकारनं कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं, त्यामुळे कितीतरी म्हाताऱ्यांचा दुसरा डोस जूनपर्यंत ढकलला गेला होता. माझ्या आईचा १४ जूनला झाला. एकोणचाळीस आठवडे मोजले तर तारीख येत होती १४ मार्च २०२२.

मुंबईत ओमायक्रॉनची लाट ६ जानेवारीला रोजच्या वीस हजार रुग्णांच्या वर गेली आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत ओसरलीसुद्धा. ज्या लाटेसाठी डोस जाहीर झाला, ती लाट आईची तारीख येण्याच्या दीड महिना आधीच येऊन गेली होती. आणि ती आईला गाठूनच गेली. तीन दिवस ताप, आठवडाभर खोकला, एकाहत्तराव्या वर्षी. मग नवा नियम: कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून तीन महिने थांबा. चौदा मार्चची तारीख वीस एप्रिलवर गेली. आई कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल करायची, खोडायची, पुन्हा करायची. एका चौकोनावर कागद विरून भोक पडलं.

डिसेंबर २०२१मध्ये माझी चुलत बहीण इंग्लंडात लेस्टरला होती. तिथं नोव्हेंबरच्या अखेरीस सहा महिन्यांचं अंतर तीनवर आणलं, आणि १५ डिसेंबरपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना नोंदणी खुली केली. नोंदणीच्या संकेतस्थळावर इतकी झुंबड उडाली की ते बंद पडलं. थंडीत लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. बहिणीनं ख्रिसमसच्या आधी डोस घेतला. तिचा फोन आला तेव्हा आई शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘तिचा दुसरा डोस माझ्यानंतर झाला, आणि तिसरा तिचा आधी?’

न्यायानं बोलायचं तर आपली परिस्थिती वेगळी होती. डिसेंबर २०२१मध्ये आपल्याकडे दोन्ही डोस झालेले प्रौढ साठ टक्क्यांच्या आसपास होते. ज्याला दुसराच मिळाला नाही त्याला आधी दुसरा, हे धोरण मला पटतं, आजही पटतं. पण एकाहत्तर वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईनं नऊ महिने थांबण्याची गरज होती का? जुलै २०२२मध्ये सरकारनं स्वतःच अंतर नऊवरून सहा महिन्यांवर आणलं. ते सहा महिने डिसेंबरमध्येच केले असते, तर १४ जूनला दुसरा डोस घेतलेली माझी आई १० जानेवारीला पहिल्याच दिवशी रांगेत उभी असती.

दुसरं आडवं आलं ते नाव.

जगभर बूस्टर म्हणत होते, आपल्याकडे त्याला ‘प्रिकॉशन डोस’ म्हणायचं ठरलं. मराठी वर्तमानपत्रांत वर्धक मात्रा आली, दक्षता मात्रा आली. लोकांच्या तोंडी ‘तिसरा’ किंवा ‘बुस्टर’ राहिलं. भाषेच्या माणसाला हे फार महत्त्वाचं वाटतं, मला तरी वाटतं. ‘दुसरा डोस राहिलाय’ या वाक्यात काम अर्धवट राहिल्याची टोचणी आहे. खबरदारी मात्र माणूस स्वतःच्या मर्जीनं घेतो. जमली तर घेतली, नाहीतर नाही. मधल्या महिन्यांत रक्तातली प्रतिपिंडं उतरलेली असतात, नव्या विषाणूनं आपल्या काट्यांचा आकार बदललेला असतो, म्हणून शरीराला पुन्हा एकदा शिकवणी द्यायची असते. हे इतकं साधं कुणी गावोगाव सांगितलं नाही. पहिल्या दोन डोसांना लोकलचा आधारही होता. १५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यालाच मुंबईच्या लोकलचा पास मिळू लागला, आणि कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्या डोसाची तारीख तोंडपाठ झाली. तिसऱ्याशी असं काहीच बांधलं गेलं नाही. बांधायला हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. सक्तीनं माणसं लशीपासून लांबच जातात. पण सक्ती नको तर सांगणं तरी दुप्पट हवं. ते निम्म्यावर आलं.

आता कुपीबद्दल. इथं मला जरा थांबायचं आहे.

१० एप्रिल २०२२पासून अठरा वर्षांवरच्या सर्वांना तिसरा डोस खुला झाला. पण साठीच्या आतल्यांना तो फक्त खासगी केंद्रांत, आणि पैसे मोजून. आदल्या दिवशी दोन्ही कंपन्यांनी भाव उतरवले. कोव्हिशील्ड सहाशेवरून आणि कोव्हॅक्सिन बाराशेवरून, दोन्ही सव्वादोनशेवर आल्या. टोचण्याचे जास्तीत जास्त दीडशे. कर धरून तीनशे शहाऐंशी रुपये. माझे नऊ महिने जूनमध्ये भरत होते. मी घराजवळच्या एका खासगी रुग्णालयात गेले. खिडकीवरच्या मुलीनं नाव लिहून घेतलं, नंबर लिहून घेतला आणि म्हणाली, ‘मॅडम, दहा जण झाले की फोडू.’

मला आधी कळलंच नाही काय फोडणार ते. मग तिनं समजावलं. कोव्हिशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस असतात. व्हायल एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलेलं टाकून द्यायचं. एका माणसासाठी उघडली तर नऊ डोस वाया, म्हणजे रुग्णालयाचे दोन हजारांवर रुपये पाण्यात. तिच्या वहीत तेव्हा तीन नावं होती. मी चौथी.

पाच दिवस फोन नाही. मी गेले. सहा झाले होते. आणखी चार दिवसांनी गेले. तेव्हा सातावर गाडी अडली होती, कारण आधीचे दोघं कंटाळून दुसरीकडे टोचून आले होते. त्या दुसऱ्या रुग्णालयातही अशीच वही असणार, तिथंही कुणी थांबलेलं असणार. एकाच गावात तीन रुग्णालयांत तीन वह्या, प्रत्येकीत सहा-सात नावं. सगळी मिळून दोन व्हायली भरल्या असत्या. पण वह्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि सगळ्यांच्या वरती देशभराच्या लशींचा हिशेब ठेवणारं को-विन होतं, ज्याच्या एका पडद्यावर त्या रुग्णालयात ‘उपलब्ध’ असं हिरव्या रंगात दिसत होतं. त्या हिरव्या चौकोनावर विश्वास ठेवून एक बाई कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून माझ्यादेखत आली होती. तिला वहीत नाव लिहायला सांगितलं, तेव्हा ती खिडकीपाशी नुसती उभी राहिली. काही बोलली नाही. तिची रजा गेली होती.

त्या मुलीवर माझा राग नाही. रुग्णालयाचा हिशेबही समजतो. वाया गेलेल्या डोसाचा तोटा त्यांनी का सोसावा? पण मग तो कुणी सोसायचा, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. कुणीच ठरवलं नाही, म्हणून तो वाट पाहणाऱ्याच्या खात्यात पडला. नऊ डोस वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही सात माणसं वाया घालवली, असं मला त्या दिवशी वाटलं आणि घरी आल्यावरही वाटत राहिलं.

शेवटी मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: तीन माणसं हवीत, उद्या अकरा वाजता. तळमजल्यावरचं एक जोडपं तयार झालं. तिसरे म्हणून इमारतीखाली इस्त्रीचं टेबल लावणारे काका पुढे आले. त्यांचे नऊ महिने भरले होते, दोन्ही डोस त्यांनी पालिकेच्या केंद्रावर घेतलेले. सकाळी निघताना मी पैसे सांगितले. ते म्हणाले, ‘तीनशे शहाऐंशी? सरकारी नाय का?’ मी म्हटलं, साठीच्या आत नाही. मी देते म्हटलं, तर मान हलवली. ‘माझं एकट्याचं काय करता, घरात चार माणसं आहेत.’ चार माणसांचे पंधराशेच्या वर होतात. ते परत टेबलाशी गेले आणि कोळशाची इस्त्री उचलली. आम्ही नऊ जणच रुग्णालयात पोचलो. दहावा कुणीतरी खिडकीवर चौकशीला आला होता, त्याला त्या मुलीनं हाताला धरूनच आत आणलं.

या तीनशे शहाऐंशी रुपयांचं पुढं काय झालं, ते आकड्यांत लिहिलेलं आहे. एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत अठरा ते एकोणसाठ वयाच्या सुमारे ७७ कोटी लोकांपैकी एक टक्क्यानंही तिसरा डोस घेतला नव्हता. टीव्हीवर तज्ज्ञ हळहळले. लोकच येत नाहीत.

मग १५ जुलैपासून, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचं निमित्त करून, ७५ दिवस सरकारी केंद्रांवर हा डोस सर्व प्रौढांना मोफत केला. नऊ दिवस आधी अंतर सहा महिन्यांवर आलंच होतं. एसटी स्टँडवर, रेल्वे स्थानकांत, शाळांत, कचेऱ्यांत शिबिरं लागली. त्या ७५ दिवसांत देशभरात पंधरा कोटींहून जास्त लोकांनी तिसरा डोस घेतला. देश तोच, विषाणू तोच, लस तीच, माणसंही तीच. तीन महिन्यांत एक टक्काही न आलेली माणसं अडीच महिन्यांत कोटींनी आली. ‘लोक येत नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी तेव्हा आपलं वाक्य मागे घेतल्याचं मी वाचलं नाही.

पहिल्याच आठवड्यात इस्त्रीवाले काका घरच्या तिघांना घेऊन पालिकेच्या दवाखान्यात जाऊन आले. संध्याकाळी कपडे द्यायला वर आले तेव्हा दंडाला हात लावून म्हणाले, ‘झालं.’

त्या पंधरा तारखेचं एक दुःख मात्र मला आहे, आणि ते महाराष्ट्रातच कळेल असं आहे. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं पालख्या पायी निघाल्या नव्हत्या. २०२२ला वारी पुन्हा वाटेला लागली. आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत लाखो माणसं खांद्याला खांदा लावून चालली, एकाच तंबूत झोपली, एकाच टँकरचं पाणी प्याली. आषाढी एकादशी होती १० जुलैला. मोफत डोस सुरू झाला १५ जुलैला. पाच दिवस! वारीच्या वाटेवर दर मुक्कामी आरोग्य पथकं असतात. पायाच्या फोडांना मलम लावणारे, सलाइन लावणारे हात तिथं होतेच. त्यांच्या पेटीत ही लस ठेवता आली असती. चाळिशी-पन्नाशीतला शेतकरी, ज्याला एरवी तालुक्याला जाऊन डोस घ्यायचा तर दिवसाची मजुरी बुडते, तो तिथं आपल्या पायांनी आलेला होता. त्या वीस दिवसांत त्याच्यासाठी डोसाची किंमत तीनशे शहाऐंशी होती, आणि तो घरी परतेपर्यंत ती शून्य झाली.

आणखी एक अडथळा फोनचा. तो लहान दिसतो, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा पहिला डोस वस्तीतल्या शिबिरात झाला. नोंदणी केली एका कार्यकर्त्यानं, आपल्या मोबाईलवर. तेव्हा एका नंबरावर चौघांची नावं बसत. दुसरा डोस झाला मुलाच्या मोबाईलवर, आधारऐवजी मतदार ओळखपत्र दाखवून. त्यामुळे को-विनच्या लेखी या दोन वेगळ्या बायका होत्या, आणि दोघींचा एकेकच डोस झाला होता. ऑगस्टमध्ये मावशी केंद्रावर गेल्या तर त्यांना सांगितलं, ‘तुमचा दुसरा राहिलाय, तिसरा कसा देणार?’ मावशी परत आल्या त्या रडवेल्या होऊन. त्यांना वाटलं, आपण खोटं बोलतोय असं समोरच्याला वाटलं.

को-विनवर दोन पहिल्या डोसांची प्रमाणपत्रं एकत्र करून घ्यायची सोय होती. ती कुठं आहे हे शोधायला मला, रोज संगणकावर काम करणाऱ्या बाईला, अर्धा तास लागला. त्यात ओटीपी कार्यकर्त्याच्या नंबरावर जाणार. कार्यकर्ता गणपतीच्या मंडपात. त्याला फोन लावून, ओटीपी सांगायला लावून, तो आकडा येईपर्यंत मुदत संपून, पुन्हा पहिल्यापासून, असं तीनदा. चौथ्या वेळी जमलं. मावशींनी सप्टेंबरमध्ये डोस घेतला, मोफत मुदत संपायला आठ दिवस होते. ज्या मावशीच्या मालकिणीला हे करायला वेळ नव्हता, तिचं काय झालं? ती येत नाही म्हणून लिहिली गेली.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर मी एकाच बाजूनं बोलले असं होईल. सगळे लोक अडथळ्यांमुळेच थांबले, असं नाही. ओमायक्रॉन बहुतेकांना सर्दी-तापासारखा होऊन गेला आणि भीती गेली. ‘दोन घेतले, पुरे’ असं शांतपणे म्हणणारे माझ्या घरातही आहेत. २०२२च्या डिसेंबरातही पात्र लोकांपैकी फक्त २७-२८ टक्क्यांनी हा डोस घेतला होता, असं नीती आयोगाचे डॉ. व्ही. के. पॉल यांनी सांगितलं होतं. ज्यांना नको होता त्यांच्याशी वाद घालता येतो, समजावता येतं. पण ज्यांना हवा होता आणि मिळाला नाही, त्यांना नको असणाऱ्यांच्या रांगेत ढकलून मोजणं हा अन्याय आहे.

आणि डिसेंबरात तर हव्या असणाऱ्यांची पुन्हा रांग लागली. चीनमधल्या बातम्या आल्या, रुग्णालयांबाहेरच्या गर्दीची दृश्यं टीव्हीवर फिरली, आणि तीन महिने ओस पडलेल्या केंद्रांवर माणसं चौकशीला जाऊ लागली. पुण्यात राहणारी माझी मावसबहीण तीन केंद्रांवर जाऊन आली. तिन्हीकडे एकच उत्तर: कोव्हिशील्ड नाही, आली की कळवू. ज्या शहरात ती लस तयार व्हायची, त्या शहरात. सीरम इन्स्टिट्यूटनं डिसेंबर २०२१मध्येच उत्पादन थांबवलं होतं, मागणी नव्हती म्हणून. ऑक्टोबर २०२२मध्ये अदर पूनावाला यांनी सांगितलं की जवळपास दहा कोटी डोसांची मुदत संपून ते वाया गेले. दहा कोटी! इकडे एका व्हायलमधले नऊ वाया जाऊ नयेत म्हणून माणसं वहीत नाव लिहून घरी जात होती, आणि तिकडे शीतगृहांत कोट्यवधी डोस तारीख उलटून पडले होते. या दोन गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत. मला त्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय झोप येत नाही.

नंतर नाकात थेंब टाकायची लसही आली, इन्कोव्हॅक. दोन्ही नाकपुड्यांत चार-चार थेंब. २६ जानेवारी २०२३ला तिचं उद्‌घाटन झालं. खासगीत आठशे रुपये आणि वर कर. तोवर सुईची भीती हा प्रश्नच उरला नव्हता.

आता अण्णांचं सांगते.

अण्णा माझे सासरे. वय चौऱ्याऐंशी, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. तिसऱ्या मजल्यावरचं घर, इमारतीला लिफ्ट नाही. त्यांना केंद्रावर न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, रुग्णवाहिका बोलवायची, पुन्हा वर चढवायचं. २०२२च्या जुलैच्या अखेरीस आमच्या भागातल्या आशाताई घरोघर विचारत आल्या, कुणाचा डोस राहिलाय का. मी अण्णांचं सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं. वही दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. मी विचारलं, ‘दहा जण जमावे लागतील ना?’ त्या म्हणाल्या, ‘सिस्टरांना सांगते.’

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला बेल वाजली. सिस्टर, मागे आशाताई, खांद्याला निळा व्हॅक्सिन कॅरियर. पाऊस धो धो पडत होता, दोघींच्या साड्यांचे काठ गुडघ्यापर्यंत भिजलेले. सिस्टर दारातच थांबून दम घेत होत्या. मी टॉवेल दिला. त्यांनी आधी हात धुतले, मग अण्णांच्या पलंगापाशी जाऊन खाली वाकून मोठ्यानं म्हणाल्या, ‘अण्णा, तिसरा डोस द्यायला आलेय. ताप वगैरे नाही ना?’ अण्णांना ऐकू कमी येतं. ते म्हणाले, ‘चहा घेऊन जा.’

सिस्टरांनी कॅरियर उघडला, बर्फाच्या पॅकांमधून व्हायल काढली. कुपी सीलबंद होती. मी ती पाहिली आणि न राहवून म्हटलं, ‘सिस्टर, एकट्या अण्णांसाठी फोडणार?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झाकण उडवलं, घड्याळ बघून व्हायलवर पेनानं वेळ लिहिली: २.१०. डोस भरला, अण्णांच्या सुकलेल्या दंडाची कातडी चिमटीत धरून टोचला, कापूस दाबून ठेवला. मग अर्धा तास बसायचं होतं. आशाताईंनी मोबाईलवर नोंद केली, नंबर माझाच, अडचण आली नाही. मी चहा ठेवला. सिस्टर दहा मिनिटं खुर्चीवर टेकल्या असतील. चहा अर्धा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला, आशाताईंना म्हणाल्या, ‘तू अण्णांजवळ बस. काही वाटलं तर हाक मार.’ आणि मला विचारलं, ‘या बिल्डिंगमध्ये किती घरं आहेत?’

‘बारा,’ मी म्हटलं.

‘सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत चालेल ही,’ त्या म्हणाल्या, कॅरियर खांद्याला लावला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.